उलट्या बाकाची शेपटी

वासणा, बडोदे
९ नोव्हेंबर

निहार,

फोनवर आपलं दोन मिनिटांत बिनसतं. तू "आई, तो विषय नको" म्हणतोस, मी "बरं" म्हणते, आणि मग थंडी किती पडली यावर आपण येतो. म्हणून कागद घेतला. पत्र वाचताना माणसाला मध्येच बोलता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण. पोस्टातल्या बेन म्हणाल्या, मॉन्ट्रियलला पोचायला तीन आठवडे तरी लागतील. चालेल.

मी मजेत आहे. बाबा गेल्यावर मी तुमच्या दोघांकडे राहायला आले. दीड वर्षापूर्वी तू गेलास, शर्वरी राहिली, मीही राहिले. आई आपल्याबरोबर न येता सुनेपाशी थांबली, हे तुला लागलंय, ते मला कळतं. तुला मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे दुखतात हे खोटं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत शर्वरी घरी सापडली तर शपथ. सकाळी कॉलेजचे पेपर तपासायचे आणि दुपारी मकरपुऱ्याला केयूरभाईंची शेड गाठायची. केयूरभाई तुला आठवत असतील, पंपांचे भाग बनवतात ते. शेडचा मागचा कोपरा त्यांनी तिला दिलाय. हे कधी उडणार, म्हणून येता-जाता विचारतात, "बेन, आ क्यारे ऊडशे?" ती दर वेळी "मार्चमध्ये" म्हणते आणि पॉलिश पेपर घासत राहते.

तू गेलास तेव्हा विमानाचा नुसता लाकडी सांगाडा होता आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं. तुम्ही दोघं जेवताना बोलायचात ते माझ्या डोक्यावरून जायचं. आता कळतं. मला समजलं तसं लिहिते, चुकलं तर हस.

पहिल्या महायुद्धात समुद्रावर लढायचं तर होतं, पण पाण्यात धावपट्टी कुठून आणणार? तेव्हा काही लोकांनी होडीलाच पंख लावून लढाऊ विमान केलं. चाकांच्या जागी तरंडे लावलेलं विमान निराळं. ह्यात विमानाचं पोट हीच होडी. आत एकटा माणूस, नाकात बंदूक, आणि इंजिन त्याच्या डोक्यावर, पंख्याचं तोंड मागे. पाण्याचे फवारे लागू नयेत म्हणून पंखा उंच, आणि बंदुकीच्या आड येऊ नये म्हणून मागे. जहाजावर मावावं म्हणून काहींचे पंख दुमडतासुद्धा यायचे. होडीच्या पोटाला खालून एक पायरी असते, ते तर मला फारच आवडलं. ओल्या ओट्यावर ताटली चिकटून बसते ना, तसं पाणी सपाट पोटाला सोडत नाही. पायरीपाशी मध्ये हवा शिरते आणि पाणी हात सोडतं.

मग जहाजांच्या डेकवरूनच साधी विमानं उडायला लागली आणि ह्या लढाऊ होड्या मागे पडल्या. शर्वरी म्हणते, बऱ्याच पुस्तकांत त्यांना एखादंच वाक्य मिळतं, की ते बोजड प्रयोग होते. तिचा प्रबंध त्या एका वाक्याशी भांडतोय. आखणी वाईट नव्हती, तिची गरज लवकर संपली, असं तिचं म्हणणं. आणि ते आकडेमोडीत सांगून तिचं समाधान नाही. त्या काळच्या तीन-चार विमानांवरून तिने एक आराखडा बेतला, खऱ्याच्या एक तृतीयांश आकाराचा, आणि तो रिमोटवर उडवून दाखवायचाय. तुला हे सगळं ठाऊक आहे. पण मला हे समजतं, हे तुला ठाऊक नव्हतं.

होडीवर पातळ फळ्यांचे दोन थर बसले. पंखांवर कापडही चढलं. टाके इतके सारखे आलेत की केयूरभाई शेजारच्या शेडमधल्या लोकांना बोलावून दाखवतात. कोणी शिवलं ते पुन्हा कधीतरी.

तब्येत जप.
आई

वासणा
२० जानेवारी

निहार,

तू म्हणाला होतास तेच झालं. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

उत्तरायण होईपर्यंत थांबावं लागलं. आभाळभर पतंगांची दोरी असताना कोण विमान उडवणार? त्यानंतरच्या रविवारी वाघोडियाच्या पुढे एका गावच्या तळ्यावर गेलो. आजव्याच्या जलाशयावर परवानगी मिळेना, आणि मिळाली असती तरी तिथल्या मगरींना परवानगी कोण विचारणार होतं? इथल्या सरपंचांनी एका बैठकीत होकार दिला. पंख दुमडून विमान टेंपोत घातलं. काठावर पंख उघडून पाण्यात सोडलं तेव्हा ते इतकं ऐटीत तरंगलं की गावातली माणसं बघायला पुढे सरकली. लहान होडी असावी आणि तिने अंगावर घर घेतलेलं असावं, असं काहीतरी दिसत होतं. मला तर ते देखणंच वाटलं.

शर्वरीने मोटर चालू केली. हळूहळू वेग दिला, मग पूर्ण. आणि नाक खाली गेलं. तू जेवणाच्या टेबलावर दाखवलं होतंस तसंच: कपाट वरून ढकललं तर ते सरकत नाही, कलंडतं. डोक्यावरच्या इंजिनाने होडीचं नाक पाण्यात खुपसलं, पाणी उसळून पंख्यावर गेलं, पंखा फुटला आणि त्याच्या तुकड्याने होडीची एक कूस फाडली. बुडायला वेळ लागला नाही.

मी काठावर होते असं लिहिणार होते. नव्हते. मी केयूरभाईंबरोबर रबरी होडीत होते, दोरी धरून. ओरडू नकोस, लाइफ जॅकेट घातलं होतं. दोरीचा आकडा शेपटीत अडकवला तो मीच. आणि आता सांगूनच टाकते, ते कापडही मीच शिवलं. वाकडी सुई वापरायची, प्रत्येक पट्टीपाशी गाठ मारायची, गाठ सुटली तरी पुढचा टाका सुटता कामा नये. शर्वरीने एकदा दाखवलं, मला जमलं. एवढी वर्षं शाळेत इतिहास शिकवला, हातांना काही कामच नव्हतं.

विमान काठावर ओढलं. शर्वरीने ते आडवं करून आतलं पाणी काढलं, तुटलेल्या फळ्या हाताने चाचपल्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं असेल तर मला दिसलं नाही, ती नखशिखांत भिजलेली होती. मला म्हणाली, "निहार बरोबर होता, आई. त्याला कळवा."

म्हणजे पत्रांचं तिला ठाऊक आहे.

तू जाताना तिला म्हणाला होतास, हे पाण्यावरून कधी सुटणार नाही, आणि ह्याच्यापायी तू सगळं घालवते आहेस. त्यातलं अर्धं वाक्य खरं ठरलं आणि ते तिने स्वतः तुझ्यापर्यंत पोचवलं. तिच्या जागी मी असते तर माझ्या तोंडून ते निघालं नसतं. तुझ्याही नाही.

आई

वासणा
२३ फेब्रुवारी

निहार,

तुझ्या वकिलांचे कागद आले. त्याबद्दल शेवटी लिहिते.

अपघातानंतर विभागप्रमुखांनी शर्वरीला बोलावलं. ते वाईट माणूस नाहीत, घाईतले आहेत. त्यांचं म्हणणं, उडवण्याचा भाग गाळावा, गणितं तयारच आहेत, ती लिहून प्रबंध द्यावा आणि मोकळं व्हावं. खेळण्यावर पदवी मिळत नाही, असंही बोलले. तिने घरी येऊन हे मला जसंच्या तसं सांगितलं, रंग न चढवता, आणि भाजी चिरायला बसली. प्रमुखांना तिने काय उत्तर दिलं ते मी विचारलं. म्हणाली, मार्चमध्ये परीक्षकांना तळ्यावर घेऊन या, एवढंच सांगितलं.

तळ्यावर आलेल्या तिच्या विद्यार्थ्यांनी अपघाताचं मोबाइलवर चित्रण केलं होतं. ते ती रोज बघायची. मला ते बघवत नसे, तिला मात्र त्याची लाज नव्हती की राग नव्हता, डॉक्टर एक्स-रे बघतो तसं ती ते बघायची. आणि एका सकाळी चहा हातात धरून म्हणाली, "आई, नाक बुडत नाहीये. आधी शेपटी उचलली जाते."

मला फरक कळेना. तिने पोळपाटावर लाटणं ठेवून समजावलं. साध्या पंखाचा फुगवटा वर असतो, त्यामुळे तो वर उचलतो. आपल्या विमानाच्या शेपटीचा आडवा पंखही असाच होता, त्यामुळे तोही वर उचलत होता. म्हणजे इंजिन नाक खाली दाबतंय आणि शेपटी त्याला मदत करतेय. तोच फुगवटा खालच्या बाजूला केला तर? पंख्याची हवा सरळ शेपटीवरच जाते. जितका जोर द्याल तितकी शेपटी खाली दाबली जाईल आणि नाक आपोआप वर राहील. जो जोर बुडवतो त्यालाच सावरायला लावायचं.

मग तिने जुने फोटो काढले. त्या काळच्या काही उडत्या होड्यांची शेपटी खरोखर उलट्या बाकाची होती. तुमच्या पहिल्या आराखड्यातही तो बाक आला होता म्हणे, पण ती जुना नकाशा काढणाऱ्याची चूक समजून सरळ केला गेला. मी विचारलं, कोणी सरळ केला? म्हणाली, "आम्ही दोघांनी."

मला आठवतंय, आराखड्यांचं रेखाटन त्या दिवसांत तू करत होतास. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, त्याने बदललं, मी बघून मान्य केलं, म्हणजे दोघांनीच. आणि विषय संपवला. मी हे तुला टोचायला लिहीत नाही. चूक झाल्यावर तिची वाटणी अशी करणारी माणसं मी फार पाहिली नाहीत, म्हणून लिहिते.

आता शेपटी नवी. होडीची कूसही नवी. उलट्या बाकावर कापड शिवणं कठीण, ते पोकळीत नीट बसत नाही, टाके जवळजवळ घालावे लागतात. सगळी शेपटी मी एकदा उसवून पुन्हा शिवली.

आणि काय वाटतं सांगू? शाळेत मी मुलांना महायुद्धाच्या तारखा पाठ करायला लावल्या. त्या तारखांमध्ये अशी माणसं बसली होती हे मला कोणी सांगितलं नाही. काल-परवा विमान म्हणजे काय हे कळलेली, होड्या बांधणाऱ्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं. संगणक नाही, काही नाही. त्यांनी शेपटी उलटी करून बघितली, आणि शंभर वर्षांनी शिकलेल्या लोकांना ती चूक वाटली.

आता कागद. शर्वरीने वाचले. ती सही नाकारत नाही. मार्चपर्यंत थांब म्हणते, एकदा ते उडू दे. मलाही वाटतं, थांबावंस.

आई

वासणा
१८ मार्च

निहार,

ते उडलं.

धुळेटीनंतरच्या रविवारी गेलो. केयूरभाईंच्या कानामागे अजून गुलाबी रंग होता. विभागप्रमुख आले आणि बंगळूरहून परीक्षक म्हणून मोहना इनामदार नावाच्या बाई आल्या. उभं आयुष्य विमानांच्या चाचण्यांत गेलेलं, माझ्याच वयाच्या. चहा नको म्हणाल्या आणि सरळ चिखलात उतरून त्यांनी शेपटीखाली हात फिरवला. टाके कोणाचे म्हणून विचारलं. शर्वरीने माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी फक्त मान हलवली, पण मी ती मान जपून ठेवलीय.

या वेळी शर्वरीने वेग हळूहळू वाढवला. मी नाकाकडे बघत होते. नाक पाण्याला टेकून राहिलं, मग जरासं वर आलं, आणि वर आलं ते वरच राहिलं. दोन्ही बाजूंना पांढऱ्या मिशा फुटल्या तसं पाणी उडालं, पण पंख्यापर्यंत एक थेंब गेला नाही. पायरीपाशी पाण्याने खरंच हात सोडला. एका क्षणी मागे रेघ होती, दुसऱ्या क्षणी नव्हती. काठावरचे बगळे आधी उठले, मग ते उठलं.

शर्वरीने तळ्यावरून फेऱ्या घेतल्या. कलतं घेतलं, सरळ केलं, पुन्हा कलतं. कापडातून ऊन आरपार दिसत होतं. मी शिवलेल्या वस्तूला मी खालून बघत होते. त्याबद्दल मला नीट लिहिता येणार नाही.

आणि तेवढ्यात म्हशी आल्या. दहा-बारा असतील, बरोबर कोणी नाही, उन्हं चढल्यावर रोजच्यासारख्या पाण्यात उतरल्या आणि जिथे विमान उतरवायचं तिथेच जाऊन बसल्या. केयूरभाई धावले, मागून मीही. गुडघ्यांचं त्या वेळी काही आठवलं नाही. आम्ही ओरडलो, काठी आपटली. म्हशींनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शर्वरी विमान वर गोल-गोल फिरवत होती आणि तिच्या हातातलं यंत्र विमानाची बॅटरी संपत आल्याची शिटी वाजवायला लागलं. विभागप्रमुख म्हणाले, शेतात उतरवा, मोडलं तर मोडलं. झाडांच्या मध्ये एरंडीचं शेत होतं. तिथे उतरलं असतं तर पुन्हा बांधण्यासारखं काही उरलं नसतं.

शर्वरी म्हणाली, "आई, म्हशींना राहू द्या. बाजूला या."

आणि तिने मोटर बंद केली.

नाक दाबणारा जोर एकदम गेला तर नाक झटक्याने वर जाईल, वेग मरेल, आणि ते दगडासारखं खाली येईल, एवढं मलाही आता कळतं. पण तसं झालं नाही. मोटर थांबली तसा पंख्याचा वारा थांबला, आणि वारा थांबला तशी शेपटीही दाबायची थांबली. नाक दाबणारा जोर आणि शेपटी दाबणारा जोर, दोन्ही एकाच क्षणी गेले. विमानाला काही कळलंच नाही. आवाज बंद झाला आणि ते होतं तसं, एका सरळ उतारावरून खाली येत राहिलं. ते म्हशींच्या पाठींवरून गेलं, पलीकडच्या अरुंद पाण्यात टेकलं, एकदा उडालं, पुन्हा टेकलं, आणि होडी होऊन कमळाच्या पानांत जाऊन थांबलं.

शर्वरीने रिमोट गवतावर ठेवला आणि तिथेच खाली बसली. मी तिच्याजवळ गेले तेव्हा ती हळू आवाजात एवढंच म्हणाली, "त्यांना हे माहीत होतं, आई. त्यांनी हे मुद्दाम केलं होतं." आपलं विमान वाचलं, पदवी मिळेल, यातलं काही तिच्या मनात नव्हतं. शंभर वर्षांपूर्वीच्या कोणा माणसांचं शहाणपण सिद्ध झालं म्हणून ती रडत होती.

मोहनाबाई गुडघाभर पाण्यातून जाऊन स्वतः विमान बघून आल्या. विचारलं, "म्हणजे ह्यांची आखणी वाईट नव्हती, त्यांना वेळ मिळाला नाही, असं तुमचं म्हणणं?" शर्वरी "हो" म्हणाली. बाई म्हणाल्या, मग तसंच, तितक्याच साध्या शब्दांत लिहा. विभागप्रमुखांनी घरी येताना आम्हाला सेव-उसळ खाऊ घातली आणि सारा रस्ता म्हशींबद्दल बोलत राहिले. मी म्हटलं ना, वाईट माणूस नाहीत.

आज सकाळी शर्वरीने तुझ्या कागदांवर सही केली. कुरिअरने पाठवलेत. सही करताना हात थांबला नाही, पण नंतर तिने पेन बराच वेळ खाली ठेवलं नाही.

आई

वासणा
१३ एप्रिल

निहार,

तू शर्वरीला मेसेज केलास हे तिने मला सांगितलं. एकच ओळ होती म्हणाली: मोटर बंद केल्यावर नाक वर गेलं नाही, हे कसं? तुझ्याकडे माझं पत्र पोचलं असणार.

जवळजवळ दोन वर्षांनी तू तिच्याशी बोललास, तेही शेपटीबद्दल. मला हसू आलं आणि मग आलं नाही. तिने तुला दुपारभर बसून उत्तर लिहिलं, आकृत्या काढून. जेवायला चार हाका माराव्या लागल्या. रात्री तुझं उत्तर आलं, की तो बाक सरळ करायची चूक तुझी होती आणि तू तिला जाताना जे बोललास ते बोलायला नको होतं. तिने ते मला वाचून दाखवलं. पुढेही काहीतरी होतं, ते नाही दाखवलं, आणि मी विचारलं नाही.

यावरून कसलेही इमले बांधू नकोस. ती बांधत नाहीये. तुमचा संसार मोडला तो एका शेपटीने जुळणार नाही, हे आपल्या तिघांनाही कळतं. जूनमध्ये तिचा प्रबंध जाईल. मोहनाबाईंनी तिला बंगळूरला बोलावलंय, वर्षभरासाठी. ती जाणार. माझं काय करायचं यावर ती आठवडाभर विचार करत होती. मी तिला सांगितलं, माझं ओझं घेऊन जाऊ नकोस, मी इथेच राहीन. ती म्हणाली, मग मी दर महिन्याला येईन. येईल ती.

तू फोनवर एकदा रागाने विचारलं होतंस, तू कोणत्या नात्याने तिच्याकडे राहतेस? तेव्हा मी पुन्हा गुडघे पुढे केले. अजूनही नात्याला नाव नाही. पण मी गुडघ्यांसाठी थांबले नव्हते. एक माणूस सगळ्यांनी नको म्हटलेली गोष्ट इतक्या निगुतीने करताना मी घरात बघत होते, आणि ती पुरी होईपर्यंत मला तिथून हलायचं नव्हतं. तुझ्यावरच्या मायेत त्याने काही कमी झालं नाही. आई एका वेळी दोन माणसांना जीव लावू शकते, हे तू मान्य करशील असं वाटतं.

ही पत्रं मी तुला परत आणायला लिहिली नाहीत. तू जिला सोडून गेलास ती कोण आहे, हे तुला नीट माहीत असावं, एवढ्यासाठी लिहिली. आता तू स्वतः तिला विचारलंस. मग मधे माझी गरज नाही. यापुढे तिच्याबद्दल मी लिहिणार नाही. माझ्याबद्दल लिहीन, तुझ्याबद्दल विचारीन, थंडीबद्दलही बोलू.

दिवाळीत यायचं म्हणतोस. ये. मला फार आनंद होईल. पण ती त्या वेळी इथे असेल का, तुला भेटेल का, ते मला विचारू नकोस. तिला विचार, आणि ती काय म्हणते ते ऐकून मग तिकीट काढ.

आई